चंद्याचा हिशेब मागणे हा गुन्हा आहे काय?

मुसलमान शाळेसाठी पैसा देत नाही, ही तक्रार खोटी आहे. प्रत्येक तालीमी जलशात ती ऐकू येते. वक्ता माइक हातात घेतो आणि सुनावतो की कौम मशिदीच्या मिनाराला देते, लग्नाच्या बिर्याणीवर उधळते, पण तालीम म्हटले की तिचा हात आखडतो. टाळ्या पडतात. मागच्या रांगेत बसलेला पालक मान खाली घालतो. त्याने याच वर्षी याच शाळेला तीनदा पैसे दिलेले असतात, आणि त्यातल्या एकाचीही पावती त्याच्याजवळ नसते.

आम्ही बुलडाणा जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात पोरांना हिशेब शिकवतो आणि वर्गाबाहेर त्यांच्या बापांकडून चंदा गोळा करण्याचे कामही आमच्याच गळ्यात पडते. कोण देतो आणि कोण टाळतो, हे आम्हाला जलशातल्या वक्त्यापेक्षा थोडे जास्त ठाऊक आहे. हातगाडीवर केळी विकणारा देतो. जिनिंगमध्ये गाठी उचलणारा देतो. नवरा नसलेली, शिवणयंत्रावर घर चालवणारी बाई तर सगळ्यात आधी देते, कारण आपल्या पोरीला वर्गात कोणी काही बोलू नये असे तिला वाटते. या लोकांचा राग पैसे देण्यावर नाही. दिलेला पैसा कुठे गेला, हे त्यांना कोणी सांगत नाही, यावर आहे.

वर्षाचे चक्रच पाहा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या दिवसांत पेरणी असते, मजुराच्या हातात पैसा नसतो, आणि नेमका तेव्हाच प्रवेशासोबत 'इमारत निधी' मागितला जातो. मग 15 ऑगस्टची वर्गणी, मग गॅदरिंगची, मग दहावीच्या निरोप समारंभाची. रमजानमध्ये जकात आणि फित्रा, बकरी ईदला चामडी. सगळ्यात शेवटी दाखला काढायला गेलो की 'राजीखुशीचा' चंदा. राजीखुशीचा म्हणायचे, आणि तो दिल्याशिवाय दाखल्यावर सही करायची नाही! पावती मागितली तर ठरलेली उत्तरे आहेत. पुस्तक संपले आहे. सेक्रेटरीसाहेब गावाला गेले आहेत. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारे उत्तर: "भरोसा नाही का आमच्यावर?"

आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी दहावी पास झाली. शाळेने दाखल्यासाठी 1500 रुपये मागितले. बापाने पावती मागितली, तर दाखला बारा दिवस अडकला. तेवढ्यात अकरावीच्या प्रवेशाची पहिली यादी निघून गेली. पुढे तिला जवळच्या कॉलेजात जागा मिळाली नाही, लांबच्या कॉलेजात पाठवायला घरचे तयार झाले नाहीत, आणि त्याच वर्षी तिचे लग्न ठरले. संस्थेच्या अहवालात ही मुलगी कुठेच दिसणार नाही. दिसलीच तर 'यशस्वी विद्यार्थिनी' म्हणून दिसेल.

जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे लोकवर्गणीला 'शैक्षणिक उठाव' असे भारदस्त सरकारी नाव आहे. पंखा, संगणक, रंगरंगोटी यासाठी गाव पैसा देते आणि तो चांगल्या कामी लागल्याची उदाहरणेही आहेत. या शाळांना समग्र शिक्षेतून पटसंख्येप्रमाणे वार्षिक अनुदान मिळते. 101 ते 250 पटाच्या शाळेला निकषाप्रमाणे वर्षाला 50 हजार रुपये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के आईबाप असायला हवेत, आणि समितीत निम्म्या बाया. कागदावर त्या असतात. पण ठरावाच्या वहीवर अंगठा किंवा सही घेण्यासाठी वही घरी पाठवली जाते आणि ती बाई चुलीपाशी बसून सही करते. तिने कोणत्या खर्चाला मंजुरी दिली, हे तिला कोणी वाचून दाखवत नाही. तरीही इथे निदान समिती आहे, बँकेचे खाते आहे, तपासणीला येणारा अधिकारी आहे.

खरा अंधार खाजगी संस्थांच्या शाळांत आहे. तिथे पालकाने तोंड उघडले की त्याच्यापुढे एक मोठा शब्द ठेवला जातो: 'मायनॉरिटी'. आपली संस्था अल्पसंख्याक आहे, संविधानाच्या 30 व्या कलमाने आपल्याला हक्क दिला आहे, आपल्याला कोणी विचारू शकत नाही. बिचारा पालक गप्प बसतो. त्याला वाटते, खरेच तसा कायदा असेल.

तसा कायदा नाही. केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1958 सालीच सांगितले होते की संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही. महाराष्ट्रात 1987 पासून कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे. प्रवेशाच्या बदल्यात देणगी घेणे हा त्याखाली गुन्हा आहे. 2005 साली पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल लागला. तो उच्च व्यावसायिक शिक्षणाच्या संस्थांचा होता, आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक आणि बिगर अल्पसंख्याक असा फरक न करता सांगितले की कॅपिटेशन फी आणि नफेखोरी चालणार नाही. 2014 सालच्या प्रमति निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून बाहेर ठेवले, हे खरे. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून 2025 साली सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाने तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला, हेही खरे. पण प्रमतिने शिक्षण हक्क कायद्यातून सूट दिली, हिशेबातून दिली नाही. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर 1950 च्या कायद्याप्रमाणे तिला हिशेब ठेवावा लागतो, ऑडिट करावे लागते, आणि ऑडिटरचा अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. सरकारच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी शाळा माहिती अधिकाराखाली येते, हे 2019 च्या डीएव्ही निकालाने स्पष्ट केले आहे. ज्या शाळेतल्या मास्तरांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, तिने 'आम्हाला विचारू नका' म्हणणे म्हणजे सरळ दांडगाई आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी दीन काय सांगतो? कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाजची नाही, रोजाची नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि त्यावर साक्षीदार घेण्याबद्दल आहे: सूरह बकराची 282 वी. एकमेकांवर भरोसा असलेल्या माणसांनाच लिहून ठेवायला सांगितले आहे. तेव्हा पावती मागणाऱ्याला 'भरोसा नाही का' असे विचारणाऱ्याने आधी ही आयत वाचावी. जकातीचे आठ हकदार सूरह तौबामध्ये ठरवून दिलेले आहेत. हनफी मसलकात जकात कोणा हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते. भिंतीला आणि छपराला ती लागत नाही. मग रमजानमध्ये 'गरीब पोरांसाठी' म्हणून गोळा झालेली जकात इमारतीच्या खात्यात गेली असेल, तर देणाऱ्याची जकात अदा झाली की नाही, हा प्रश्न कोणी विचारायचा? त्या बिचाऱ्याने फर्ज अदा केले या समाधानात ईद केलेली असते.

आपले बुजुर्ग असे नव्हते. 1866 साली देवबंदचा मदरसा सामान्य लोकांच्या चंद्यावर उभा राहिला. मौलाना कासिम नानोतवींनी जी आठ उसूल लिहून ठेवली, त्यात सरकार आणि अमीर यांच्यापेक्षा गरिबाच्या छोट्या चंद्यावर भर आहे. आणि त्या मदरशाने दरसाल रूदाद छापली. कोणी किती दिले, हे त्यात असे. छोटी रक्कम देणाऱ्याचेही नाव असे. त्या काळात कॉम्प्युटर नव्हता, झेरॉक्स नव्हते. आज ज्या संस्थेच्या सेक्रेटरीच्या खिशात दोन मोबाइल आहेत, तिला वर्षाचा जमाखर्च एका कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावणे जमत नाही!

दुसरे उदाहरण कडू आहे, पण सांगितले पाहिजे. सर सय्यद यांनी अलीगढच्या कॉलेजसाठी दारोदार फिरून पैसा जमवला. त्यांच्या नेकीवर त्यांचे दुश्मनही बोट ठेवत नसत. तरीही 1895 साली उघडकीस आले की कॉलेजच्या हेडक्लार्कने एक लाखाहून जास्त रुपयांचा अपहार केला आहे. त्या काळचे एक लाख! म्हाताऱ्या सर सय्यदना तो घाव मरेपर्यंत, 1898 पर्यंत, पुरला. नेक माणूस प्रमुख असला की पैसा सुरक्षित असतो, हा समज तिथेच संपायला हवा होता. आमच्या गावच्या सेक्रेटरीसाहेबांची नेकी सर सय्यद यांच्यापेक्षा मोठी आहे, असे कोणी म्हणत असेल तर आम्ही गप्प बसतो.

यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की शाळेला पैसा खरेच लागतो. मान्य. वेतनेतर अनुदान पुरत नाही, वेळेवर येत नाही. विजेचे बिल आणि शिपायाची मजुरी कुठून द्यायची, हा प्रश्न खरा आहे. म्हणून तर आम्ही 'चंदा बंद करा' म्हणत नाही. दुसरा असा की ज्यांनी संस्था काढली त्यांनी जमीन दिली, उमर घातली. त्यांना सलाम. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले, हे आपण वर्गात शिकवतो. पण त्या त्यागामुळे रयत शिक्षण संस्था कोणाच्या घरची जायदाद झाली नाही. आपल्याकडे मात्र बापाने काढलेली शाळा मुलाला वारसात मिळते, आणि चंदा देणारे तीन पिढ्या चंदाच देत राहतात.

तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त चालतो: बाहेर बोलू नका, कौमची बदनामी होईल, आधीच आपल्याकडे संशयाने पाहतात. हा भीतीचा धंदा आहे. बाहेर आपल्याबद्दल वाईट बोलणारे आहेत, हे आम्हीही जाणतो. पण त्या भीतीचा फायदा कोणाला होतो, ते पाहा. शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला तर नक्की होत नाही. कौमची बदनामी हिशेब मागणाऱ्याने होते की हिशेब लपवणाऱ्याने?

आता थोडे आमच्या बिरादरीबद्दल, म्हणजे मास्तरांबद्दल. मास्तर बोलत नाहीत, कारण अनेकांनी नोकरी लागतानाच 'देणगी' दिलेली असते. डी.एड., बी.एड. करून, आईचे दागिने मोडून नोकरीला लागलेला माणूस कोणाकडे हिशेब मागणार? पण कोणाच्या दबावाने का होईना, पालकाच्या हातून नोट घेणारा हात आमचा असतो. पोराच्या नजरेत चंदा मागणारे 'सर' आम्ही असतो. जो मास्तर वर्गात पोराला उभे करून 'तुझ्या बापाने अजून दिले नाहीत' म्हणतो, त्याच्या तासाला त्या पोराच्या डोक्यात काय शिरणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रवेश आणि दाखला यांच्याशी चंद्याचा काहीही संबंध ठेवू नका. प्रत्येक रुपयाची छापील नंबर असलेली पावती द्या. पैसा कोणाच्या खिशात नको, संस्थेच्या बँक खात्यात जाऊ द्या. आज चहाच्या टपरीवर क्यूआर कोड आहे, तो शाळेत का नाही? जकात आणि इमारत निधी यांचे हिशेब वेगवेगळे ठेवा. दर तीन महिन्यांनी जमाखर्च फळ्यावर लिहा, उर्दूत आणि मराठीत, मोठ्या अक्षरात. वर्षातून एकदा आईबापांपुढे तो वाचून दाखवा, आणि तपासणाऱ्यांत दोन पालक असू द्या. त्यातली एक आई असावी. चामडीच्या पैशाचे काय झाले, हे मोहल्ल्यातल्या बायांना बरोबर विचारता येते.

यातले काहीही अवघड नाही. ज्या संस्था हे आधीपासून करतात त्यांना हा लेख लागणार नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांना चंदाही जास्त मिळेल. ज्यांना तो लागेल त्यांना आमच्याबद्दल काय वाटायचे ते वाटो. पालकांना आमचे एकच सांगणे आहे. या जूनमध्ये एकट्याने जाऊ नका, दहा जण मिळून जा. चंदा द्या आणि पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आणि मास्तर बंधुभगिनींनो, पावतीपुस्तक हातात दिल्याशिवाय आपण एकाही घराची कडी वाजवू नये. सेक्रेटरीसाहेब रागावले, तर सगळ्यांवर मिळून रागावतील.