पावलांचा हिशेब कोणी विचारायचा?

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी परतला की आपल्याकडील उपचारक्रम बहुधा ठरलेला असतो: अभ्यंग, स्वेदन, बस्ती, सोबत एकांगवीर रस व महानारायण तेल. घरची मंडळी तेलाची बाटली नेमाने नेतात. परंतु रुग्ण दिवसाकाठी किती चालला, हे त्यांना सांगता येत नाही आणि आपणही विचारीत नाही. मायेपोटी पाण्याचा तांब्याही खाटेपाशी आणून दिला जातो. पायांत बळ येऊ लागले तरी रुग्ण अंथरुणातच राहतो. या उणिवेकडे व्यवसायबंधूंचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अलीकडे मुंबई-पुण्यातील मुले रत्नागिरीतील आईवडिलांसाठी पावले मोजणारे मनगटी घड्याळ पाठवितात. त्यावरील दहा हजार पावलांच्या लक्ष्याचे मूळ १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ या यंत्राच्या नावात आहे. पक्षाघाताच्या रुग्णास तो आकडा केवळ निराश करील. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय २४) शरीरास अतिपीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांना हितकर सांगितले आहे. ‘अतिपीडा’ कोठे सुरू होते, हे यंत्र सांगणार नाही. ते रुग्णागणिक आपणच ठरवावयाचे आहे.

यंत्र बांधल्याने चालणे वाढते काय? अमेरिकेतील डॉ. ब्रूस डॉबकिन व सहकाऱ्यांचे दोन आंतरराष्ट्रीय अभ्यास येथे उद्बोधक आहेत. २०१० च्या अभ्यासात ज्या रुग्णांना चालण्याचा वेग रोज मोजून सांगितला व प्रोत्साहन दिले, त्यांचा वेग घरी जाताना सेकंदाला ०.९१ मीटर होता, इतरांचा ०.७२. २०१५ च्या अभ्यासात ११ देशांतील रुग्णांच्या दोन्ही घोट्यांना संवेदक बांधले. एका गटास केवळ वेग सांगितला, दुसऱ्यास हालचालींचा सविस्तर तपशीलही दिला. दोन्ही गटांचे चालणे दिवसाला पंधरा-सोळा मिनिटांच्या आसपासच राहिले. आकड्यांची भर घातल्याने चालणे वाढत नाही. यावरून आमचे मत असे की, थोडेच मोजावे; परंतु जे मोजले ते रोज कोणीतरी आस्थेने विचारावे.

घड्याळ वापरावयाचेच असल्यास काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. संथ, पाय ओढीत चालणाऱ्याची किंवा वॉकर धरलेल्याची पावले मनगटावर पुष्कळदा कमी मोजली जातात. निरोगी पायाच्या घोट्यावर बांधता येणारे मापक अधिक भरवशाचे असते. प्रथम पन्नास पावले स्वतः मोजून यंत्राशी ताडून पाहावीत. आठवडाभराची सरासरी काढून, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने, त्यात हळूहळू वाढ करावी. रक्तदाब पाहावा, रुग्णालयाने दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आणि नव्याने तोंड वाकडे झाल्यास, वाचा अडखळल्यास वा हातापायाचे बळ गेल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. हे मापक उपचार म्हणून विकू नये. ते केवळ माप आहे. मात्र तेलाची पुढची बाटली देताना ‘या आठवड्यात किती चालले?’ एवढे अवश्य विचारावे. वैद्यापेक्षा रुग्णाच्या घरचा माणूस आपणांसच अधिक वेळा भेटतो.

पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते; तेव्हा रुग्णास अंगणात न उतरविता पडवीतच, सोबतीने फेऱ्या घालू द्याव्यात. घड्याळ परवडत नसेल, तर दर फेरीला एक चिंचोका एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकावा. संध्याकाळी ते चिंचोके मोजणारे कोणी घरात असावे आणि पुढच्या भेटीत त्यांचा हिशेब आपण मागावा. तेल आपण देतोच; हा प्रश्नही आपल्या चिकित्सेचा भाग व्हावा, असे आम्हांस मनःपूर्वक वाटते.