पिल्लू का खाजवतंय?



आमचं वळ गाव भिवंडी तालुक्यात. इथे नजर जाईल तिकडे गोदामं! मोठमोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये वर लोखंडी तुळया असतात आणि त्या तुळयांवर पारव्यांची बिऱ्हाडं. काडी-काटकी, सुतळीचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, जे मिळेल ते रचायचं की झालं घरटं. मग वारा आला, माल हलवताना धक्का बसला, की एखादं पिल्लू खाली पडतं. कुणीतरी ते उचलतं आणि दुसऱ्या दिवशी खोक्यात घालून शाळेत आणतं.

"बाई, हे सारखं खाजवतंय. ह्याला खरूज झालीय का?"

हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी एकदा तरी येतोच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनीही असं पिल्लू पाहिलं असेल. म्हणून आज त्याचंच उत्तर शोधू या.

पहिली गोष्ट, पिल्लू खाजवतंय म्हणजे ते आजारीच आहे असं नाही. पारव्याच्या पिल्लाच्या अंगावर सुरुवातीला पिवळट केसांसारखी लव असते. मग खरी पिसं फुटतात. ती एकदम फुलत नाहीत. प्रत्येक पीस एका बारीक नळीत गुंडाळलेलं असतं, म्हणून पिल्लू काटेरी दिसतं. पुढे त्या नळ्या फुटतात, त्यांचा पांढरा कोंडा पडतो आणि पिल्लाला खाज येते. आपले दुधाचे दात पडताना हिरडी शिवशिवते ना, तसंच! पिल्लू नीट खात असेल, ओरडून अन्न मागत असेल आणि कातडी स्वच्छ असेल, तर ही खाज आपोआप जाते.

पण पिल्लू मलूल आहे, पिसं फुगवून बसलंय, कातडीवर लाल ठिपके किंवा खपल्या आहेत, असं असेल तर मात्र नीट बघायला हवं. कातडीशी तीन-चार पाहुणे असू शकतात. एक म्हणजे पिसांतली ऊ. ती लांबट, बारीक असते आणि पिसांच्या धाग्यांमध्ये लपते. दुसरी कबुतरमाशी. ही चपटी, तपकिरी माशी पिसांखाली सुळकन पळते आणि रक्त पिते. तिसरी लाल किडी, म्हणजे गोचिडीची बारीकशी जातभाई. ती दिवसा घरट्याच्या फटीत दडते आणि रात्री येऊन रक्त पिते. आणि चौथी असते पक्ष्यांची देवी. त्यात चोच, डोळे, पाय यांच्याजवळ गाठी आणि खपल्या येतात. हा विषाणूचा रोग डासांमुळेही पसरतो. या खपल्या कधीही खरवडायच्या नाहीत.

आता एक गंमत ऐका. कबुतराच्या वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीपेक्षा किंचित पुढे वाकलेलं असतं. ते कशासाठी? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी कबुतरांच्या चोचीचं तेवढंच टोक घासून कमी केलं. कबुतरं आरामात दाणे खात होती, पण त्यांच्या अंगावर उवा मात्र खूप वाढल्या! ते टोक म्हणजे कबुतराची फणी. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं.

यातून आपल्याला मोठी गोष्ट कळते. धडधाकट पक्षी स्वतःला रोज विंचरतो, म्हणून त्याच्या अंगावर उवा फार वाढत नाहीत. अशक्त पिल्लाला विंचरायची ताकद नसते, म्हणून त्या वाढतात. म्हणजे पुष्कळदा खाज हा मूळ आजार नसतोच. मूळ दुखणं असतं उपासमार, थंडी किंवा दुसरा एखादा रोग. म्हणून नुसत्या उवांच्या मागे लागून भागत नाही. आधी पिल्लाच्या अंगात बळ यायला हवं.

ते कसं करायचं? पिल्लाला जखम नसेल, ते तरतरीत असेल आणि आईबाप जवळपास असतील, तर मोठ्या माणसांकडून त्याला घरट्यात परत ठेवून घ्या. तुळईवर तुम्ही स्वतः चढायचं नाही! माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा गैरसमज आहे. ते शक्य नसेल, तर पुठ्ठ्याचं खोकं घ्या, त्याला भोकं पाडा, आत जुनं सुती कापड घाला. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा. कापड रोज बदला. घरट्यातल्या काड्या सोबत आणू नका, कारण किडी तिथेच असते.

खायला काय? पिल्लाला गायीचं दूध, पाव, बिस्किट नको. कबुतराची पिल्लं दूध पितात हे खरं, पण ते त्यांच्या आई-बाबा दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत तयार होतं. ते आपल्या पातेल्यात मिळत नाही! पिसं फुटलेल्या पिल्लाला भिजवून मऊ केलेला वाटाणा, कोमट करून, एकेक दाणा भरवता येतो. गळ्याखालची पिशवी मऊ भरली की थांबायचं. ती रिकामी झाल्यावरच पुन्हा द्यायचं. पाणी चोचीत ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. उथळ वाटीत चोचीचं टोक बुडवा. कबुतरं पाणी ओढून पितात, त्यामुळे पिल्लू आपोआप पिऊ लागेल. डोळे मिटलेलं, बिनपिसांचं पिल्लू असेल तर ते मात्र सरळ जाणकाराकडेच न्या.

आणि औषध? इथे मोठ्यांनी जरा कान द्यावा. खाज म्हटली की कुणी रॉकेल चोळतं, कुणी ढेकणाचं औषध फवारतं, कुणी डांबराच्या गोळ्या खोक्यात टाकतं. यानं ऊ मरण्याआधी पिल्लू मरू शकतं. पक्षी अंगाला लागलेलं सगळं चोचीनं साफ करतो, म्हणजे ते त्याच्या पोटातच जातं. शिवाय मोठं कबूतरसुद्धा साधारण तीनशे ग्रॅमचं. त्याला औषधाचा एक थेंब किती भारी, ते डॉक्टरच ठरवू शकतात. म्हणून जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मुंबईजवळच्या मुलांना परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ठाऊक असेल. प्राण्यांवरच्या क्रौर्याला आळा घालण्यासाठी १८७४ साली स्थापन झालेल्या संस्थेचं हे रुग्णालय. लोक त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणत आले, पण तिथे पक्ष्यांवरही उपचार होतात.

आता तुमच्या तब्येतीचं. २०२५ साली मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला, तो तुम्ही ऐकला असेल. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली, तर काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते. हे खरं आहे. म्हणून पिल्लू झोपायच्या खोलीत नको. घरात कुणाला दमा असेल तर ते घरातच आणू नका. खोकं साफ करताना तोंडाला रुमाल बांधा. विष्ठा कोरडी झाडू नका, आधी पाणी शिंपडा. पिल्लाला हात लावला की साबणानं हात धुवा. कबुतराची किडी माणसाला चावू शकते, पण ती आपल्या अंगावर संसार थाटत नाही. उगाच घाबरू नका.

काही मुलं विचारतात, "मग बाई, उचलायचंच कशाला?" उचलायचं, कारण ते जिवंत आहे आणि आपल्या पायाशी पडलंय. पण दया करताना डोळे उघडे हवेत आणि हात धुतलेले हवेत, इतकंच.

आणि हो, बरं झालेलं पिल्लू आपलं होत नाही. पंख भरले, आपलं आपण दाणे टिपू लागलं, नीट उडू लागलं की ते इतर पारव्यांजवळ सोडून द्यायचं. काही पिल्लं मात्र सगळं करूनही वाचत नाहीत. तेव्हा रडू आलं तर रडावं. त्याचे शेवटचे दिवस उबेत गेले, ही गोष्टही लहान नाही.

या आठवड्याचा उद्योग : खिडकीतून किंवा अंगणातून एखादं कबूतर दहा मिनिटं बघा. ते किती वेळा चोचीनं पिसं विंचरतं आणि किती वेळा पायानं खाजवतं, ते वहीत मांडा. डोकं खाजवायला ते पायच का वापरतं, याचं उत्तर मात्र स्वतः शोधा!

तुमच्या बाई