तालिबान आणि इस्लामिक स्टेट–खोरासान यांच्यातील वैचारिक संघर्ष

तालिबान आणि इस्लामिक स्टेट–खोरासान (आयएस-के) या अफगाणिस्तानातील दोन सशस्त्र सुन्नी संघटना आहेत. दोन्ही संघटना शरियतवर आधारित राज्याचा आग्रह धरतात. तरीही २०१५ पासून त्या एकमेकींविरुद्ध लढत आहेत. मुस्लिमांनी कोणाची आज्ञा मानावी, हा या संघर्षातील मूळ प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

इ.स. १९९६ मध्ये कंदाहार येथे मुल्ला उमर याने ‘अमीर-उल-मोमिनीन’ (श्रद्धावंतांचा नेता) ही पदवी धारण केली. जून २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने अबू बक्र अल-बगदादी याला खलिफा घोषित करून जगभरातील मुस्लिमांकडून बैअतची, म्हणजे एकनिष्ठेच्या शपथेची, मागणी केली. जानेवारी २०१५ मध्ये खोरासान शाखा जाहीर झाली. तिचा पहिला प्रमुख हाफिज सईद खान हा पूर्वी पाकिस्तानी तालिबानचा कमांडर होता. जून २०१५ मध्ये अफगाण तालिबानने बगदादीला पत्र लिहून अफगाणिस्तानात वेगळी आघाडी न उघडण्यास बजावले. पुढच्याच महिन्यात, मुल्ला उमरचा मृत्यू २०१३ मध्येच झाल्याचे उघडकीस आले व तालिबानच्या नेतृत्वावर प्रश्नचिन्ह उभे राहिले.

मतभेदांचे स्वरूप

तालिबान हनफी पंथातील देवबंदी परंपरा मानते आणि आपली अमिरात अफगाणिस्तानापुरती असल्याचे सांगते. आयएस-के सलफी विचारसरणीची असून तिला राष्ट्रांच्या सीमा मान्य नाहीत. शियांना ती धर्मबाह्य ठरवते. तालिबानने २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेशी केलेला दोहा करार तिच्या प्रचारात धर्मद्रोहाचा पुरावा मानला जातो. उलट तालिबान आयएस-केला ‘ख्वारिज’ म्हणते. इतर मुस्लिमांना काफिर ठरवणाऱ्या, सातव्या शतकातील बंडखोर पंथाचे हे नाव आहे.

परिणाम

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आल्यानंतर या वादाला नवे वळण लागले. राज्य चालवण्यासाठी तालिबानला इतर देशांशी संबंध ठेवावे लागतात आणि असा प्रत्येक संबंध आयएस-केच्या प्रचाराला बळ देतो. सुरक्षेच्या दाव्याला तडा देण्यासाठी आयएस-केने हल्ल्यांचा मार्ग अवलंबला. २६ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल विमानतळावरील हल्ल्यात १३ अमेरिकी सैनिक व सुमारे १७० अफगाण मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कुंदुझ आणि कंदाहार येथील शिया मशिदींमध्ये शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी स्फोट झाले. डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानचे निर्वासित मंत्री खलील-उर-रहमान हक्कानी काबूलमध्ये मारले गेले.

या संघर्षात दोन्ही बाजू एकाच धर्माचा आधार घेतात. मात्र त्याची सर्वाधिक झळ सामान्य अफगाण नागरिकांना, विशेषतः शियापंथीय हजारा समाजाला, बसली आहे.