फ्यूज कायकू, सर?

मधल्या सुट्टीत माझी गाडी हिरवी झाली.

गाडी शाळेच्या मैदानात कडुनिंबाखाली उभी होती. दारे बंद, किल्ली माझ्या खिशात. पावसाळी, अंधारून आलेला दिवस. मी शिक्षकखोलीत डबा उघडतच होतो, तेवढ्यात सातवीची दोन मुले धापा टाकत आली, "सर, आपकी गाडी में शादी चालू है!" बाहेर येऊन पाहतो तर आतून हिरवा उजेड, मग निळा, मग केशरी, मग सगळे रंग एकामागून एक. भोवती पन्नासेक मुले. पाण्याच्या नळापाशी नववीतला एक जण अगदी सभ्य चेहरा करून उभा होता. चेहऱ्यावरूनच तो सापडला. फोन त्याच्या दप्तरात निघाला.

"पासवर्ड पूछ्याच नहीं, सर. अ‍ॅप डाला, आपकी गाडी दिखी."

मी त्याला रागावलो, फोन मुख्याध्यापकांकडे दिला. पण राग खरे म्हणजे त्याच्यावर नव्हता. त्याने मला फुकटात दोन गोष्टी दाखवून दिल्या होत्या. एक, माझ्या गाडीतले दिवे कोणाच्याही फोनला जुळतात. दुसरी जास्त गंभीर: किल्ली बंद असतानाही त्या दिव्यांना वीज मिळते आहे.

हे दिवे मी हौसेने लावलेले नाहीत. फेब्रुवारीत भाच्याचे लग्न होते आणि नवरदेव माझ्या गाडीतून जाणार होता. आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलाचा हायवेलगत छोटा गाळा आहे. सीट कव्हर, स्टिरिओ, हॉर्न आणि एलईडी. त्याचे नाव इथे लिहीत नाही, तो हे वाचेल. लग्नाच्या आदल्या रात्री तो स्वतः घरी आला, दोन तास गाडीत वाकून बसला आणि पाय ठेवतो त्या चारही जागी एलईडीच्या पट्ट्या लावून गेला. पैसे विचारले तर कानाला हात लावला. "सर, आपसे पैसे?" अम्मीने त्याला शीरखुर्मा खाऊ घातला. तेव्हा मीही खूश होतो.

मग मेची सुट्टी आली. गाडी चाळीस दिवस दारात उभी. जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या दिवशी किल्ली फिरवली तर नुसती टकटक. बॅटरी वर्षाचीही नव्हती. मी दुकानदाराशी भांडलो, सोलापूरच्या उन्हाला दोष दिला, शेवटी चार हजार मोजून नवी बॅटरी घातली. तो दुकानदार निर्दोष होता, हे मला मधल्या सुट्टीतल्या तमाशानंतर कळले.

त्या शनिवारी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घेऊन मी गाळ्यावर गेलो. दिवे बंद, किल्ली बंद, आणि मीटरवर २० मिलीअँपिअर. दिवे विझलेले असले तरी फोनची वाट पाहणारी डबी जागीच असते. हिशोब पाचवीच्या मुलालाही येईल: ०.०२ गुणिले २४ म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास. चाळीस दिवसांत १९. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. गाडीचे स्वतःचे घड्याळ आणि लॉक थोडे खातात ते वेगळेच.

मुलगा मीटरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मैं समझा बंद मतलब बंद."

तो अडाणी आहे असे समजू नका. त्याचे काम मी बारकाईने पाहिले आणि मला शिकायला मिळाले. पट्टीला चार तारा असतात. एक १२ व्होल्टची, तिन्ही रंगांना सामाईक. बाकीच्या तीन लाल, हिरव्या आणि निळ्या दिव्यांच्या परतीच्या वाटा. डबी या वाटा सेकंदाला शेकडो वेळा उघडते-मिटते, डोळ्याला ते दिसत नाही. निम्मा वेळ उघडी ठेवली तर रंग निम्मा दिसतो. केशरी कसा काढतोस, असे मी विचारले. म्हणाला, लाल पूर्ण, आणि त्यात हिरवा थोडासा. यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही.

(हा निळा दिवा सहज मिळालेला नाही. निक होलोन्याक यांनी १९६२ साली लाल एलईडी बनवला, आणि लख्ख निळा हाती यायला त्यानंतर तीसेक वर्षे लागली. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चे नोबेल मिळाले. आमच्या गल्लीत तो निळा आता रिक्षाच्या चाकांतही फिरतो.)

डॅशबोर्ड खोलताना एक पिवळा कपलर दिसला तेव्हा त्याने माझा हात धरला. "इसकू हात नक्को लगाओ सर, एअरबॅग का है." खांबाच्या अस्तरातूनही तो तार नेत नाही, कारण पडद्यासारखी एअरबॅग तिथून फुगते. हे सगळे तो व्हिडिओ बघून आणि उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकला. फ्यूजबद्दल उस्तादाने शिवी दिली नसावी.

कारण माझ्या गाडीत फ्यूज नव्हता. तार थेट बॅटरीवरून आली होती, गाडीच्या फ्यूजबॉक्सच्या आधीच. मी विचारले तेव्हा त्याने अगदी प्रामाणिकपणे उलट विचारले, "इत्तासा लोड है. फ्यूज कायकू, सर?"

लोडबद्दल त्याचे खरे होते. मीटरभर पट्टीत साठ दिवे, पांढऱ्या उजेडावर सगळे मिळून १४.४ वॅट. माझ्या गाडीत तीस-तीस सेंटिमीटरचे चार तुकडे, म्हणजे सव्वा मीटरच्या आत. सतरा वॅट, दीड अँपिअर. त्याने वापरलेल्या तारेला हे काहीच नाही. पण फ्यूज दिव्यांसाठी नसतोच. तार कुठे सोलली आणि गाडीच्या पत्र्याला लागली, तर मध्ये दिवा उरत नाही. मग बॅटरी तिच्या पूर्ण ताकदीनिशी त्या बारीक तारेतून वाहते, आणि ही तीच बॅटरी आहे जी स्टार्टरला शंभर अँपिअरच्या वर देते. तार लाल होते. तिच्या शेजारी गालिचा असतो, फोम असतो, रेक्झिन असते.

मागच्या पट्टीकडे जाणारी तार पुढच्या डाव्या सीटखालून नेली होती. आम्ही सीट खोलली. रूळाच्या कडेखाली ती तार चेपली जात होती. वरचे आवरण अर्धे कापलेले, आत तांबे चमकत होते. त्या सीटवर अम्मी बसते. तिचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून बसताना दर वेळी मी सीट मागे सरकवतो आणि ती उतरली की पुढे घेतो. फेब्रुवारीपासून हे मी किती वेळा केले असेल!

मुलगा खाली बसला. बराच वेळ काही बोलला नाही.

आता मला जे म्हणायचे आहे ते. गाडीतल्या झगमगाटावर टीका करणे सोपे आहे आणि आमच्या समाजातले शिकलेले लोक ती मनापासून करतात. पोरांना कामधंदा नाही, गाडीचा डिस्को केला, हे बंदच केले पाहिजे. मीही असे बोललो आहे. कायद्याचे म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०८ सांगतो की पुढच्या बाजूला लाल दिवा आणि मागे लालखेरीज दुसरा दिवा दिसता कामा नये. त्याला काही अपवाद आहेत आणि गाडीच्या आतला उजेड त्यांपैकी एक. बाहेर, चाकांखाली निळे-लाल लावून फिरणाऱ्यांना पोलिसांनी अडवावे, माझी तक्रार नाही. आत पायांपाशी मंद उजेड असेल, काचेवर त्याचे प्रतिबिंब पडून चालवणाऱ्याच्या डोळ्यांत जात नसेल, तर त्यात पाप काय आहे? आपण नाक मुरडतो त्या रंगांवर. तार कुठून आली, मध्ये फ्यूज आहे का, किल्ली काढली की बंद होते का, हे आपल्यापैकी एकानेही कधी विचारलेले नाही. मीही पाच महिने विचारले नाही, आणि मी त्याचा शिक्षक.

इथे मला शाळेबद्दल बोलले पाहिजे. या मुलाने नववीत धाराविद्युतचा धडा उर्दूतून शिकला आहे. बर्की रौ, मुज़ाहमत, ओहमचा नियम. मी त्याला विज्ञान शिकवत नव्हतो, उर्दू आणि मराठी शिकवत होतो. पण शेजारच्या वर्गातून तो धडा घोकल्याचा आवाज मला दरवर्षी ऐकू येतो. गाळ्यावर मी सहज म्हणालो, अरे, बर्की रौ अँपिअरमध्ये मोजतात, विसरलास का? तो माझ्याकडे पाहत राहिला. "सर, बर्की रौ मतलब... लोड?"

हो, लोड. दहा वर्षे तो लोड हाताळतो आहे आणि त्याला कोणी सांगितले नाही की तू परीक्षेत घाबरला होतास ती हीच गोष्ट. बी.एड.ला आम्हाला शिक्षणसूत्रे पाठ करायला लावतात. त्यात पहिलेच 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'. पेपरात मला त्यावर पाच गुण मिळाले होते. वर्गात मात्र आपण उलटीकडून सुरुवात करतो. मुलाच्या घरात मोटर दुरुस्तीला येते, काका वायरमन असतो, आणि फळ्यावर आपण भारी अरबी-फारसी शब्द लिहितो. मराठी शाळा सुखात आहेत असे कोणी समजू नये. विद्युतधारा आणि विभवांतर हे शब्द त्यांच्याही गॅरेजपर्यंत पोचलेले नाहीत. मला उर्दूवर प्रेम आहे, तिचे शब्द टाका असे मी म्हणणार नाही. मुज़ाहमत हा सुंदर शब्द आहे. पण आधी मुलाच्या हातात तार द्या, तो तिला काय म्हणतो ते ऐका आणि मग सुंदर शब्द द्या.

मराठीच्या पुस्तकातला एक शब्द मात्र मी त्याला तिथल्या तिथे दिला: वितळतार. फ्यूजला मराठीत वितळतार म्हणतात. त्याने तो दोनदा उच्चारून पाहिला आणि हसला. "मतलब, खुद पिघलकर बचाने वाली. ये तो नाम में ही लिखा है." मी वीस वर्षे मराठी शिकवतो, या शब्दाचा इतका नीट अर्थ माझ्या वर्गात कोणी सांगितला नव्हता.

मग त्याने काम पुन्हा केले. बॅटरीची तार काढली. फ्यूजबॉक्समधून, किल्ली फिरवल्यावरच वीज येते अशा जागेवरून नवी जोडणी घेतली आणि लगेच तिथेच ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज बसवला. फ्यूज विजेच्या उगमाशी हवा, दिव्यापाशी लावून उपयोग नाही, हे त्याने मला न सांगता केले. सीटखालची तार काढून मधल्या कन्सोलच्या आतून नेली, वर जाळीची नळी चढवली. आम्ही दोघांनी मुद्दाम सीट वीस वेळा मागे-पुढे केली.

पासवर्डचा प्रश्न मात्र सुटला नाही. ही स्वस्त डबी ब्लूटूथवर सारखी आपले नाव पुकारत असते, भाजीवाल्यासारखी, आणि जो पहिला फोन हाक देईल त्याची होते. ओळख विचारायची सोय तिच्यात केलेलीच नाही. एक फोन जोडलेला असेल तर बहुधा दुसऱ्याला ती दाद देत नाही, एवढेच संरक्षण. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हाराल्ड नावाच्या डॅनिश राजाचे, ज्याने विखुरलेले लोक एकत्र आणले म्हणतात. पण तोसुद्धा दारात आलेल्या प्रत्येकाला गादीवर बसवत नसेल. शेवटी त्याने हातमोजे ठेवतो त्या कप्प्यात एक साधा खटका बसवला. खटका बंद, डबी मेली. फोनने रंग बदलणाऱ्या यंत्राला शेवटी पंधरा रुपयांचे बटण लागले.

या वेळी त्याने पैसे घेतले. फ्यूज आणि खटका, पंचवीस रुपये. मजुरी नाही.

मी निघताना तो वहीची पाने उलटत होता. माझ्याआधी त्याने अकरा गाड्यांत असेच थेट बॅटरीवरून दिवे लावले होते. त्यांतल्या बहुतेक मोहल्ल्यातल्याच. त्याने प्रत्येकाला फोन करायला सुरुवात केली: आ जाओ, फुकट में फ्यूज लगाके देता हूँ. आजपर्यंत सहा गाड्या येऊन गेल्या. तिघांनी फोन उचलला नाही. एक जण पुण्याला गेला आहे. आणि एकाने, तोही माझाच विद्यार्थी, हसून सांगितले, "चल रहा है ना? छोड दे."

त्याच्या घरी मी उद्या स्वतः जाणार आहे.