पेट्रोल पंपासमोर बसलेली माणसं आणि आपलं अनुमोदन



युद्धाच्या विरोधात पेट्रोल पंप अडवून बसणाऱ्या माणसांबद्दल आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली आहेत. एक, "रिकामटेकडी माणसं." दुसरं, "पंपवाल्याने यांचं काय घोडं मारलंय?" आमच्या महिला मंडळात हा विषय निघाला तेव्हा ही दोन्ही वाक्यं ऐकली. शिवाय एक तिसरंही ऐकलं, खास आपल्या घरातलं: "दुसऱ्याची अडवणूक करणं ही पण हिंसाच की!" मला यातलं एकही पटत नाही. का पटत नाही, ते आज सविस्तर लिहिते.

उदाहरण ब्रिटनचं घेऊ. साल २००३. अमेरिका आणि ब्रिटन इराकवर हल्ला करणार हे उघड दिसत होतं. १५ फेब्रुवारीला लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. पोलिसांचा अंदाज साडेसात लाखांचा होता, आयोजक वीस लाखांपर्यंत आकडा सांगत होते. सरकार हललं नाही. नऊ दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, ग्रीनपीस संस्थेचे स्वयंसेवक देशभरातल्या एस्सो कंपनीच्या सुमारे शंभर पंपांवर गेले आणि त्यांनी ते बंद पाडले. एस्सो म्हणजे अमेरिकेच्या एक्सॉनमोबिल कंपनीचं तिथलं नाव. कंपनीचं चिन्ह वाघ, म्हणून काही जण वाघाचा वेश करून आले होते. तापमानवाढीबद्दल कंपनीची जी भूमिका होती, तिच्यावर त्यांचा राग जुनाच होता. त्यात आता तेलासाठी होणाऱ्या युद्धाची भर पडली होती. काहींना अटक झाली. युद्ध मात्र थांबलं नाही. २० मार्चला हल्ला सुरू झाला.

आता प्रश्न असा, की पंतप्रधानांचं घर सोडून पंपावर का जायचं? मी कॉमर्सची पदवीधर. मला कुठलाही प्रश्न हिशेबाच्या वहीत मांडला की नीट कळतो. त्या काळात ब्रिटनमध्ये एक लिटर पेट्रोल साधारण ७६ पेन्सला मिळायचं. त्यात ४५.८२ पेन्स नुसता इंधनकर. त्या करासकट होणाऱ्या किमतीवर पुन्हा १७.५ टक्के व्हॅट, म्हणजे आणखी ११ पेन्सच्या वर. बेरीज करा. ७६ पेन्सपैकी जवळजवळ ५७ पेन्स सरकारच्या तिजोरीत. उरलेल्या १९ पेन्समध्ये कच्चं तेल, शुद्धीकरण, वाहतूक, कंपनी आणि पंपवाला. म्हणजे पंपाचं काउंटर ही अशी जागा, जिथे तेल कंपनी आणि सैन्य पाठवणारं सरकार दोघंही एकाच पावतीवर आपला वाटा उचलतात. त्या पैशातून दवाखाने आणि शाळाही चालतात, हे मान्य. पण रणगाडेही त्यातूनच चालतात. सामान्य माणूस युद्धाला पैसा नेमका कुठे देतो असं विचारलं, तर उत्तर पंप हेच आहे. मग विरोध तिथे केला, तर चुकीच्या दारात केला असं कसं म्हणायचं?

"ते युद्ध तेलासाठी होतं कशावरून?" असंही कुणी विचारेल. इराककडे त्या वेळी जगातले दुसऱ्या क्रमांकाचे ज्ञात तेलसाठे मानले जात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अनेक वर्षं अध्यक्ष असलेले अॅलन ग्रीनस्पॅन यांनी २००७ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे युद्ध मुख्यतः तेलासाठी होतं असं लिहून टाकलं. ते काही मोर्चेवाले नव्हते. आणि ज्या कंपनीच्या पंपांसमोर ती माणसं बसली होती, त्याच कंपनीने जानेवारी २०१० मध्ये इराकच्या वेस्ट कुर्ना या अवाढव्य तेलक्षेत्रातल्या एका भागाचा करार केला. तेल फुकट लुटून नेलं असं मी म्हणत नाही. करारात पिंपामागे ठरावीक मेहनताना होता, आणि पुढे कंपनी तिथून बाहेरही पडली. पण युद्धाआधी जी दारं बंद होती, ती युद्धानंतर उघडली. पंपासमोर बसलेल्यांना वेड्यात काढणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणखी एक गंमत सांगते. त्याच ब्रिटनमध्ये, सप्टेंबर २००० मध्ये, शेतकरी आणि मालट्रकवाल्यांनी तेलशुद्धीकरण कारखान्यांची फाटकं अडवली होती. कारण काय, तर पेट्रोल-डिझेल महाग झालं, कर कमी करा. चारसहा दिवसांत देशभरातले पंप कोरडे पडले. दवाखान्यांपासून शाळांपर्यंत सगळ्यांची ओढाताण झाली. तरी लोकांची सहानुभूती अडवणाऱ्यांकडेच होती, आणि नोव्हेंबरात सरकारने करात सवलतही दिली. म्हणजे पेट्रोल स्वस्त व्हावं म्हणून सगळा देश अडवला तर ते न्याय्य आंदोलन, आणि माणसं मरू नयेत म्हणून काही तास शंभर पंप अडवले तर तो उपद्रव! लोकांना अडवणुकीचा राग येतो असं आपण म्हणतो, ते खरं नाही. आपल्या खिशाच्या विरुद्ध जाणारी अडवणूक तेवढी आपल्याला खुपते.

आता आपल्या घरातल्या वाक्याकडे येते.

आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे की पाप तीन वाटांनी लागतं: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि केलेल्याला संमती देणं. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात स्पष्ट सांगितलं आहे की प्रत्यक्ष हिंसा न करणाराही हिंसेच्या फळाचा वाटेकरी होऊ शकतो. हे आपण फक्त प्रवचनात ऐकत नाही, स्वयंपाकघरात पाळतोही. मध आपण काढत नाही, पोळं आपण जाळत नाही. दुकानात बाटली आयती भरलेली असते. तरी आपण ती घेत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी रेशमी साडी नेसत नाहीत. किडे काही त्यांनी उकळलेले नसतात. "मी नाही घेतली तरी दुसरी कोणी घेईलच," असं म्हणून आपण मध किंवा रेशीम घरात आणत नाही. कारण विकत घेणं म्हणजे संमती देणं, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

मग हाच नियम पेट्रोलच्या पावतीला का नाही? पाणी गाळून पिणाऱ्या आपण पैसा गाळायचा का विसरतो?

अनर्थदंडाचे पाच प्रकार आपल्याला पाठ आहेत. त्यातला एक हिंसादान. म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. तलवार, विष, आग ही नावं त्यात येतात. आजच्या काळात शस्त्र विकत घेण्यासाठी दिलेला पैसा त्यात धरायचा की नाही, हा विचार कोणी तरी करायला हवा ना?

"घरगुती पेट्रोल म्हणजे आरंभी हिंसा, आणि युद्ध म्हणजे विरोधी हिंसा, गृहस्थाला दोन्हीची सूट आहे." हे उत्तर मला हमखास मिळतं, आणि देणाऱ्या अभ्यासू असतात. म्हणून नीट बघू. विरोधी हिंसा म्हणजे आपल्यावर चालून आलेल्याचा प्रतिकार. सीमेवर उभ्या असलेल्या जवानाबद्दल मी एक शब्दही वावगा बोलणार नाही. सांगली-कोल्हापूर-साताऱ्याच्या गावांतून घरटी मुलगा फौजेत आहे, आणि आपण निवांत झोपतो ते त्यांच्यामुळे. पण इराक ब्रिटनवर चालून आला नव्हता. ब्रिटन सरकारनेच नेमलेल्या चिलकॉट चौकशी समितीचा बारा खंडांचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला. त्यात म्हटलं आहे की त्या वेळी सद्दाम हुसेनकडून तातडीचा धोका नव्हता आणि शांततेचे मार्ग संपलेले नसतानाच युद्धात उतरायचं ठरवलं गेलं. त्या युद्धात आणि त्यानंतरच्या हिंसाचारात एक लाखाहून जास्त सामान्य नागरिक मेले. ठरवून, दुसऱ्याच्या देशात जाऊन केलेल्या अशा हिंसेला विरोधी म्हणता येत नाही. तिला आपल्या शास्त्रात संकल्पी म्हणतात, आणि तिची सूट श्रावकालाही नाही.

आता "अडवणूक ही पण हिंसाच" याबद्दल. अडवणुकीत हिंसा शिरू शकते, यात शंका नाही. म्हणून तिला मर्यादा हवी. रुग्णवाहिकेला वाट मिळाली पाहिजे. पंपावरच्या पगारी मुलाला एकही अपशब्द जाता कामा नये. तो आपल्यासारखाच पोटासाठी उभा असतो. पेट्रोलच्या जागी ढकलाढकली आणि जाळपोळ म्हणजे तर साक्षात घात. आणि शिक्षा झाली तर ती स्वतः भोगायची, दुसऱ्याला पुढे करून मागे लपायचं नाही. एवढं पाळलं, तर समोर बसणाऱ्याने दुसऱ्याचं काय घेतलं? अर्धा दिवस. स्वतःचं मात्र त्याने पुष्कळ दिलेलं असतं.

आणि ही रीत काही विलायतेहून आलेली नाही. १९३० साली गांधीजींनी बायकांना सांगितलं की दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांसमोर धरणं धरा. ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या, त्या गुजरात-महाराष्ट्रात दुकानांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. दुकानदार आपल्याच गल्लीतला, कधी आपल्याच समाजातला. त्याचंही नुकसान होतच होतं. त्याच वर्षी १२ डिसेंबरला मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. बावीस वर्षांचा गिरणी कामगार. लॉरी चालवणाऱ्याशी त्याचं वैर नव्हतं, गिऱ्हाइकाशीही नव्हतं. त्याला व्यवहार थांबवायचा होता. त्याला आपण हुतात्मा म्हणतो, शाळेत मुलांना त्याचा धडा शिकवतो. मग पंपासमोर बसलेल्या बाईला रिकामटेकडी म्हणायचं कुठल्या तोंडाने? सत्तरच्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर लाटणं घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मी शाळेत होते. घरातल्या मोठ्या बायका कौतुकाने ती बातमी वाचायच्या. तेल-तुपासाठी रस्त्यावर उतरलेली गृहिणी आपल्याला चालते, मग परक्या मुलांच्या जिवासाठी उतरलेली का चालू नये?

पण या आंदोलकांनाही मला एक गोष्ट सुनवायची आहे. एका कंपनीचा पंप अडवून शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या पंपावर टाकी भरायची, याने फक्त दुकान बदलतं. तेल त्याच समुद्रातून येतं, कर त्याच तिजोरीत जातो. गरज तेवढीच ठेवून केलेला बहिष्कार अर्धवट असतो. इथे आपल्याकडे त्यांना देण्यासारखं काही आहे. आपल्याकडे दिग्व्रत आहे. दिशांची मर्यादा, इतक्या अंतरापलीकडे जाणार नाही असा नियम. भोगोपभोगपरिमाण आहे. वस्तू किती वापरायची याचा आकडा. आपल्या आचार्यांनी हे गाड्या नसताना सांगून ठेवलं.

आणि आपल्याला त्याची निकड आहेच. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. युक्रेनचं युद्ध सुरू होण्यापूर्वी त्यात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. युद्ध पेटलं, तेल सवलतीत मिळू लागलं, आणि २०२३ पर्यंत तो वाटा तिसऱ्या हिश्शाच्या घरात गेला. देशाची गरज असते, सरकारला किंमत बघावी लागते, हे मला कळतं. पण त्या पैशातून पुढे काय विकत घेतलं जातं, हा प्रश्न आपल्या किती जणींच्या मनात आला? टाकीत कुठल्या देशाचं तेल पडतं हे निवडणं गृहिणीच्या हातात नाही. किती पडतं, हे मात्र पूर्ण तिच्या हातात आहे.

म्हणून मी पंप अडवायला चला असं म्हणत नाही. आपल्या वयाला आणि गुडघ्यांना ते झेपायचंही नाही. मी म्हणते, घरातला पंप अडवा. महिन्याला किती लिटर, याचा आकडा किराण्याच्या वहीत लिहा आणि त्याखाली मर्यादेची रेघ ओढा. अष्टमी-चतुर्दशीला गाडीची चावी देव्हाऱ्याजवळ ठेवा, मंदिरात चालत जा. मुनिमहाराज अनवाणी पायी विहार करतात आणि आपण त्यांच्या मागे पंधरा गाड्यांचा ताफा नेतो. हे दृश्य आधी बंद करा. एका गाडीत सामान, बाकीच्यांनी पायी किंवा एसटीने. जे पैसे वाचतील ते औषधदानात घाला. घरातली मुलं-नातवंडं हसतील. हसू द्या. मध सोडणाऱ्या आपल्या आज्यांनाही लोक हसलेच होते.

तेवढं केलं, की मग दूरदेशी पंपासमोर बसलेल्या माणसांना नावं ठेवायची की नाहीत, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. ज्यांनी अटक पत्करून एक दिवस तरी त्या व्यवहाराचं अनुमोदन नाकारलं, ती माणसं आपला धर्म न शिकताही त्याच्या जवळ आली होती. आपण तो शिकून किती जवळ आहोत, हे पुढच्या महिन्याच्या वहीत दिसेल. तुमचे आकडे मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.