इनामगावची माणसं उठून गेली

‘हवामान काय आजच बदलतंय? हिमयुगंसुद्धा येऊन गेली की!’ मी या सदरात उन्हाळ्यावर लिहिलं की वाचकांच्या पत्रांत हे वाक्य हमखास येतं. ते खरंच आहे. मला काळजी वाटते ती ते खरं आहे म्हणूनच.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसलेली ही शेतकऱ्यांची वस्ती. भरभराटीच्या काळात ऐसपैस चौकोनी घरं, त्यात एक पाच खोल्यांचं, शेजारी धान्याचं कोठार. पुराचं पाणी वळवायला पाट, त्याला दगडी बांध. इ.स.पू. १००० नंतरच्या थरांत मात्र चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. गहू घटतो, हरणांची हाडं वाढतात. पोटासाठी शेतकरी शिकारीकडे वळला होता. इ.स.पू. ७०० च्या आसपास वस्ती ओस पडली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचा संबंध कमी होत गेलेल्या पावसाशी जोडला.

तो बदल नैसर्गिक होता आणि पिढ्यानपिढ्या चालला होता. तरीही गाव टिकलं नाही. ‘पूर्वीही बदललं होतं’ या वाक्यातून दिलासा कसा काढायचा, हे मला खरोखर कळत नाही.

आताचा बदल वेगाने वेगळा आहे आणि कारणानेही. शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, पण त्याला सुमारे दहा हजार वर्षं लागली; म्हणजे हजार वर्षांत साधारण अर्धा अंश. आपण दीडशे वर्षांत एक अंश केव्हाच ओलांडला. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांत आठ लाख वर्षांची नोंद आहे. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत ३०० च्या आसपासच थांबत आला. आज तो ४२० च्या वर आहे.

हा जादा कार्बन कुठला, याचाही छडा लागलेला आहे. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली असल्याने त्यांत कार्बन-१४ उरलेला नसतो. ते जाळलं की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण उतरतं. शास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी १९५० च्या दशकातच झाडांच्या लाकडात ही घट दाखवली होती. सूर्यावर खापर फोडणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद: सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरची थंड होते आहे.

इनामगावकरांना सातबारा नव्हता, पीककर्ज नव्हतं. पाऊस हटला तेव्हा त्यांना निघून जाता आलं, कारण आजूबाजूला मोकळी जमीन होती. आज त्याच शिरूर तालुक्यातला शेतकरी बोअरला पाणी लागलं नाही म्हणून गुरं घेऊन पुढच्या खोऱ्यात जाऊ शकत नाही. तिथली जमीनही कुणाच्या तरी नावावर आहे, आणि तिथली विहीरही मार्चमध्येच तळ गाठते.