वेस्टर्न कपडे शिवले कोणी?

आपल्या बाजारपेठेत 'वेस्टर्न वेअर'ची पाटी असलेल्या दुकानात मुलींचे टॉप आणि जीन्स मिळतात. अमेरिकेत हाच शब्द उच्चारला की काऊबॉय डोळ्यांसमोर येतो. रुंद काठाची हॅट, टोकदार बूट, टिच बटणाचा शर्ट, गळ्याला रुमाल. हे जुने कपडे आज तिकडे सोन्याच्या भावानं विकले जातात आणि कपड्यांबरोबर एक गोष्टही विकली जाते, 'अस्सल, शुद्ध अमेरिकेची'. माझं भांडण त्या गोष्टीशी आहे.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिको राज्यात लिव्हाइसची १८८० च्या दशकातली एक पॅन्ट लिलावात निघाली. बंद पडलेल्या खाणीत सापडलेली, मेणबत्तीच्या मेणाचे डाग पडलेली. बोली ७६ हजार डॉलरवर थांबली, लिलावाचं कमिशन धरून ८७ हजार ४०० डॉलर. म्हणजे आपले ७० लाखांच्या वर. एका वापरलेल्या पॅन्टचे! बातम्या किमतीच्याच झाल्या. पण त्या पॅन्टच्या खिशाच्या आत काय छापलं होतं? ही पॅन्ट फक्त गोऱ्या मजुरांनी बनवलेली आहे, अशी जाहिरात. १८८२ मध्ये अमेरिकेनं चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला होता. ज्यांनी रेल्वेचे रूळ टाकले, तेच लोक आता नकोसे झाले होते. त्या वाऱ्यावर स्वार होऊन कंपनीनं माल खपवला. १८९० च्या दशकात हे बंद केलं, असं कंपनीच सांगते.

गंमत बघा. कंपनीचा मालक लेव्ही स्ट्रॉस जर्मनीतल्या बव्हेरियातून आलेला. पॅन्टच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकायची कल्पना जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची, तोही रीगाहून येऊन नेवाडातल्या रेनो गावात दुकान टाकलेला. १८७३ चं पेटंट या दोघांचं. बाहेरून आलेल्या दोघांच्या पॅन्टीवर बाहेरच्यांविरुद्ध जाहिरात.

काऊबॉयचंही तेच. टेक्सासची गुरं हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनपर्यंत न्यायची, हा खरा धंदा यादवी युद्धानंतर जेमतेम वीसेक वर्षं चालला. ते काम मेक्सिकन गुराख्यांकडून, वाकेरोंकडून शिकलेलं. पायावरचे चामडी चॅप्स, लॅसो, रोडिओ, हे शब्दसुद्धा स्पॅनिशमधून आले. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे चारातला एक काऊबॉय कृष्णवर्णीय होता. रोडिओत बैलाची शिंगं धरून त्याला लोळवण्याचा खेळ लोकप्रिय करणारा बिल पिकेटही कृष्णवर्णीय. पडद्यावरचे जीन ऑट्री आणि रॉय रॉजर्स मात्र गोरे, इस्त्रीचे, आणि गाणारे. (गुरं राखणाऱ्याचे कपडे इतके स्वच्छ कसे, हे गुरं राखलेल्या माणसाला विचारा.)

या फॅशनचा सुवर्णकाळ १९४० आणि ५० च्या दशकांतला. सिनेमा आणि नव्या टीव्हीमुळे घराघरातल्या पोरांना काऊबॉय व्हायचं होतं, आणि मोठ्यांनाही. मला यातली सगळ्यात रंगतदार माणसं वाटतात ती शिंपी मंडळी. न्यूडी कोन हा कीव्हमध्ये जन्मलेला ज्यू. लहानपणी अमेरिकेत आला, आधी न्यूयॉर्कमध्ये नर्तिकांचे पोशाख शिवले, मग हॉलिवूडच्या बाजूला दुकान काढून काऊबॉयच्या सुटावर भरतकाम आणि चमकते खडे लावायला लागला. एल्विस प्रेस्लीचा १९५७ चा सोनेरी सूट त्याच्याच दुकानातला. त्याच्या हाताखाली तयार झालेला मॅन्युएल क्वेव्हास मेक्सिकोतून आलेला. कंट्री गाणाऱ्या कितीतरी गायकांचं 'अस्सल' रूप या दोघांच्या कात्रीतून निघालं.

डेन्व्हरच्या जॅक वाइलनं १९४६ मध्ये रॉकमाउंट कंपनी काढली आणि टिच बटणाचे शर्ट मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. कारण साधं. शर्ट काटेरी तारेत किंवा खोगिराला अडकला तर टिच बटण पटकन सुटतं, कापड फाटत नाही, माणूस फरफटत जात नाही. हा म्हातारा २००८ मध्ये वयाच्या १०७ व्या वर्षी गेला. शंभरी उलटल्यावरही दुकानात येऊन बसायचा.

नंतर १९८० मध्ये जॉन ट्रॅव्होल्टाचा 'अर्बन काऊबॉय' आला आणि तेलाच्या कारखान्यात काम करणारी, शहरातली माणसं हॅट घालून बारमध्ये यांत्रिक बैलावर बसायला लागली. त्याच वर्षी हॉलिवूडमधून आलेले रेगन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, त्यांचे हॅटमधले फोटो आठवत असतील. यात आपल्याला हसायचं कारण नाही. आपल्याकडे सभेत नेत्याच्या खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी देतातच की. मेंढपाळाचं अनुदान अडकलेलं असतं ते असतंच.

कपड्याला 'आपला' आणि 'परका' असे शिक्के मारायची हौस आपल्यालाही कमी नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांना कार्यालयात जीन्स नको म्हणून सांगितलं, काही महिन्यांनी जीन्सपुरती माघार घेतली. शिस्तीसाठी नियम असेल तर माझी हरकत नाही. पण जीन्स म्हणजे 'पाश्चात्यांचं खूळ' असं कुणी म्हणालं की मला मुंबईची डोंगरी आठवते. तिथे विकलं जाणारं जाडंभरडं कापड इंग्रजांनी नेलं, आणि त्यावरून इंग्रजीत 'डंगरी' हा शब्द पडला. काऊबॉयच्या गळ्यातला बँडाना? तो शब्द आपल्या बांधणीच्या कुळातला. कापड बांधून रंगवायची रीत आपली, धूळ खाल्ली टेक्सासची.

म्हणून जुना वेस्टर्न शर्ट लाखात विकत घेणाऱ्याबद्दल मला राग नाही. चांगल्या शिवणीला पैसे मिळालेच पाहिजेत. राग आहे तो शिवणाऱ्याचं नाव पुसून 'शुद्धते'ची पट्टी चिकटवण्याचा. आणि आज अमेरिकेत स्थलांतरितांना हाकलण्याच्या घोषणा देणाऱ्या सभांतही हीच हॅट डोक्यावर असते, तेव्हा तो राग जास्त होतो.

आपल्या भागातही एके काळी शिंपी लोक सिनेमा बघून खांद्यावर टोकदार जोड आणि खिशाला टिच बटण लावलेले शर्ट शिवून द्यायचे. कुणाकडे तसा शर्ट किंवा फोटो असेल तर कमेंटमध्ये टाका. शिंप्याचं नाव आठवत असेल तर ते आधी लिहा.